कोण गेलता मोजायला?

महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात मी लॅबमध्ये लागलो, तेव्हा बॉयलरवर जे होते त्यांना सगळे दादा म्हणत. पोलादपूर तालुक्यातले, कापड्याच्या पलीकडच्या एका वाडीतले. मी बीएस्सी करून आलेला पोरगा आणि त्यांच्याकडे बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट. कामापुरता आमचा संबंध एका चिठ्ठीचा होता. बॉयलरला जाणाऱ्या पाण्याची हार्डनेस आणि बॉयलरच्या आतल्या पाण्याचा टीडीएस लॅबनं तपासून लिहून द्यायचा आणि त्यावरून त्यांनी ब्लोडाउन किती द्यायचं ते ठरवायचं. पहिल्याच दिवशी मी चिठ्ठी नेऊन दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि विचारलं, "कोण गेलता मोजायला?"

"मीच केलं दादा."

"मी बघितलं नाही. चल."

त्यांनी स्वतः सॉफ्टनरच्या नळाखाली बाटली धरली, दोनदा विसळली, भरली आणि माझ्या मागोमाग लॅबमध्ये आले. मी फ्लास्कमध्ये पाणी घेतलं, बफर घातलं, चिमूटभर इंडिकेटर टाकला. पाणी जड असेल तर ते दारूसारखं लालसर होतं आणि मग ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत ते निळं होईपर्यंत थांबावं लागतं. पाणी मऊ असेल तर इंडिकेटर पडताच निळं. त्या दिवशी लगेच निळं झालं. दादांनी फ्लास्क उजेडाकडे धरला, पुन्हा खाली ठेवला, चिठ्ठी बाहेर काढली आणि माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली.

मला राग आला होता. नंतर दुसऱ्यांकडून कळलं, की माझ्या आधी तिथे कधीतरी चिठ्ठ्या बसल्या जागी भरल्या जात होत्या. सॉफ्टनर थकला होता, कागदावर मात्र हार्डनेस शून्य. पाण्यातले क्षार ट्यूबांना आतून चिकटत गेले आणि एका रात्रपाळीत ट्यूब फुटली. पाळीवर दादा होते. चौकशीत कागद निघाले तेव्हा चिठ्ठ्या सगळ्या चोख. म्हणजे चूक कुणाची? बॉयलरवाल्याची.

हा प्रसंग आधी सांगितला, कारण पुढची सगळी भांडणं मला त्याच्याशिवाय समजली नसती.

भांडणं राजकारणावरची. कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर रोज काहीतरी पेटायचं. मी वाचणारा, मोबाइलवर आकडे काढून दाखवणारा. बाकीचे ऐकायचे, हसायचे आणि म्हणायचे, "हे सगळं छापतात रे." दादा तसं म्हणत नसत. ते शांतपणे तोच प्रश्न टाकायचे: कोण गेलता मोजायला? बेरोजगारीचा आकडा असो, रस्त्याच्या किलोमीटरचा असो, पिकाच्या नुकसानीचा असो. उत्तर देता आलं नाही की टेबल खूश व्हायचं आणि दादा डबा धुवायला उठायचे. माझ्या बाजूचं सरकार असो की त्यांच्या, प्रश्न बदलायचा नाही, एवढं मात्र मी सुरुवातीपासून पाहत होतो. टेबलावरच्या बाकी लोकांना आपल्या पक्षाचा आकडा गोड लागायचा. दादांना कुठलाच लागत नसे.

त्यांचे वडील मुंबईत गिरणीत होते. पोलादपूरच्या कुठल्याही वाडीत घरटी एक माणूस गिरणगावात, अशी ती पिढी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले किती परत आत गेलेच नाहीत. दादांचे वडील ट्रंक घेऊन गावी आले ते तिथेच राहिले. पुढे गिरणी कामगारांना घरं देण्याची योजना आली, २०१२ च्या जूनमध्ये पहिली मोठी सोडत निघाली. दादांनी वडिलांचा अर्ज भरला. तिकीट नंबर, हजेरीचं कार्ड, पगारपावती, फंडाचा कागद, काहीतरी हवं होतं. कोकणातल्या पावसात, मातीच्या घरात, इतक्या वर्षांत जे उरलं ते म्हणजे कडा कुरतडलेलं एक कार्ड, त्यावरचा नंबर अर्धा पुसलेला. दादा ते घेऊन एका खिडकीवर गेले, तिथून दुसऱ्या खिडकीवर. ज्या माणसाच्या कानात अखेरपर्यंत साच्यांचा आवाज राहिला, लूमवर काम करून ज्याला ऐकू कमी येत होतं, त्याला आपण गिरणीत होतो हे सिद्ध करता आलं नाही. नंबर लागायच्या आधी ते गेले.

हे दादांनी मला रडत सांगितलं नाही. नाइटला, बॉयलरचं प्रेशर बघत, लॉगबुकात तासाची नोंद करता करता सांगितलं. वर इतकंच म्हणाले, "आमच्याकडनं सगळ्यांनी पुरावा मागितला. आम्ही मागितला की त्यांना राग येतो."

मग सावित्रीचा पूल. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाडचा कोणी विसरणार नाही. ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर राजापूर–बोरिवली आणि जयगड–मुंबई या दोन एसटी आणि एक मोटार. तीनशे किलोचं लोहचुंबक क्रेनला बांधून नदीत गाड्या शोधत होते, आणि काही मृतदेह पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेले होते. त्या पुलाची मे महिन्यात पाहणी झाली होती, वाहतुकीला धोका नाही असं ठरलं होतं. हे सरकारनंच सांगितलं. आमच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी दादा म्हणाले, "मे मधला कागद बरोबर असेल. पण कागद लिहिणारा खाली पाण्यात उतरला होता का?" या प्रश्नाला माझ्याकडे काही नव्हतं आणि आजही नाही. त्यानंतर आमच्या शॉपमधली पोरं कुठल्याही सरकारी आकड्याला "मे मधला कागद" म्हणू लागली. त्यांच्या तोंडी ती नुसती टिंगल होती. दादांच्या प्रश्नात आणि त्या टिंगलीत फार अंतर होतं, आणि ते मला स्वच्छ दिसायला आणखी पाच वर्षं लागली.

२२ जुलै २०२१. रात्री पाणी आमच्या गल्लीत शिरलं, पहाटेपर्यंत तळमजला गेला. आम्ही माळ्यावर आईला घेऊन बसलो होतो. त्याच संध्याकाळी तळिये दरडीखाली गेलं, ऐंशीहून जास्त माणसं. पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडीत दरडी आल्या. हे सगळं आम्हाला नंतर कळलं, कारण मोबाइल बंद आणि वीज नाही. पाणी ओसरलं तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता, वास असा की नाकाला फडकं बांधून आत जावं लागे. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दारात दादा. पोलादपूरकडचा रस्ता जिथे तुटला होता तिथे चालत, पुढे कुणाच्या तरी टेम्पोतून. बरोबर दोन पोरं, खोरी, घमेली आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन. त्यांच्या स्वतःच्या तालुक्यात माणसं काढायचं काम चालू होतं. ते आधी तिथे जाऊन मग माझ्याकडे आले होते. आईनं "कशाला आलास रे बाबा, तुमच्याकडेच केवढं झालंय" म्हटल्यावर ते म्हणाले, "काकू, चिखल वाळला की निघत नाही."

घमेली भरता भरता आमचं भांडण झालं. दादा म्हणाले, कोयनेचं पाणी सोडलं म्हणून महाड बुडालं. त्या दिवसांत चिपळूणकडून ही चर्चा सगळीकडे पसरली होती आणि तिच्यात राजकारण भरपूर होतं. सोडलं कुणी, लपवलं कुणी. मी म्हटलं, दादा, कोयनेचं अवजल कोळकेवाडीतून वाशिष्ठीला जातं, सावित्रीला त्याचा थेंब येत नाही. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस झाला, तो खाली आला. मी नकाशा दाखवला.

"नकाशा कोणी काढला? आणि कोयना कुठं उगम पावते? महाबळेश्वरला. सावित्री? महाबळेश्वरला. मग?"

चिडलो, पण अडलो. कारण त्यांचं म्हणणं वाऱ्यावरचं नव्हतं. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री यांचा उगम मानतात, एकाच गोमुखातून पाणी पडतं. पोलादपूरचा माणूस लहानपणापासून ते ऐकत आलेला असतो. माझ्या नकाशापेक्षा त्यांचं ते ज्ञान जुनं होतं आणि त्यांच्या घरातलं होतं.

पावसाळा संपल्यावर, आंबेनळी घाट सुरळीत झाला तेव्हा आम्ही दोघं मोटारसायकलवर वर गेलो. प्रस्ताव त्यांचाच. घाटात ठिकठिकाणी लाल माती सांडलेली, रस्त्याची कड खचलेली. २०१८ च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांची बस याच घाटात कोसळली होती. दादांनी त्या वळणापाशी गाडी हळू करायला लावली आणि हात जोडले. मंदिरात गोमुखाचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं, प्यायलं. मग आम्ही आर्थर सीटला गेलो. त्या कड्यावर उभं राहिलं की सावित्रीचं खोरं पायाखाली पश्चिमेला तुटून पडलेलं दिसतं, सरळ कोकणात. कोयनेचं खोरं पाठीमागे, दक्षिणेला तापोळ्याकडे, मध्ये अख्खा डोंगर. दादा कड्याच्या कठड्याला टेकून कितीतरी वेळ बघत राहिले. एकदा पुढे, एकदा मागे वळून.

"एका आईची लेकरं," ते म्हणाले, "एक घाटावर दिलेली, एक कोकणात. माहेर एक, पण हिचं पाणी तिच्या घरी जात नाही."

झालं, संपलं असं मला वाटलं. उतरताना, घाटाच्या मध्यावर, पाठीमागे बसलेल्या दादांनी माझ्या कानाशी विचारलं: "मग पाणी आलं ते कळलं. पण जायला इतका वेळ का लागला?"

या प्रश्नासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. मी पावसाच्या आकड्यावर थांबलो होतो. आकडा खरा होता आणि त्यानं माझं समाधान झालं होतं. कोयनेची अफवा खोडली की माझं राजकारण जिंकलं, एवढ्यावर मी खूश झालो असतो. ज्या माणसाला मी पुरावा न मानणारा समजत होतो, त्यानं पुरावा डोळ्यांनी पाहिला, मानला आणि लगेच पुढचा मागितला.

दासगावला त्यांची एक चुलत बहीण दिलेली होती. तिच्या घरच्यांना भरती-ओहोटी विचारावी लागत नाही. तिच्याकडून त्यांनी तारखा आणल्या. बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी सावित्रीत थेट महाडपर्यंत चढतं. जुन्या काळी गलबतं याच पाण्यावर महाडच्या बंदराला लागत. २२ जुलैला आषाढी पौर्णिमा एक-दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाची भरती. वरून महाबळेश्वरचा पाऊस, गांधारी आणि काळ नदीचं पाणी, खालून उधाण, मध्ये आम्ही. शिवाय नदीत वर्षानुवर्षं साठलेला गाळ आणि तयार झालेली बेटं. आणि दासगावजवळचा कोकण रेल्वेचा भराव, जिथे पाण्याला जायला आणखी मोऱ्या हव्यात ही महाडकरांची जुनी मागणी. यातलं कशाचं किती, ते अभियंत्यांनी मोजून सांगायचं. आमच्या टेबलावर मात्र दोन तट लगेच पडले: रेल्वेमुळे म्हणणारे आणि गाळामुळे म्हणणारे, आणि दोन्ही तटांना आपापला पक्ष. दादा दोन्हीकडे नव्हते. त्यांनी दोनशे पानी वही आणली.

पुढचे पावसाळे आम्ही दादली पुलावरून नदी बघितली. फर्स्ट शिफ्टला जाताना एक जण, सेकंडहून येताना दुसरा. खांबावरच्या पट्टीचा आकडा, वेळ, तिथी, भरती चढती की उतरती. सावित्रीची धोका पातळी ६.५० मीटर, आकडा सहाच्या जवळ गेला की दादांचं अक्षर मोठं व्हायचं. वहीचे रकाने त्यांनी बॉयलरच्या लॉगबुकासारखे आखले होते. कुठे नोंद राहिली तर रकाना कोरा. मी एकदा आदल्या आणि नंतरच्या आकड्यावरून मधला अंदाजे भरावा म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. टिंगल करणाऱ्या पोरांपैकी दोघं तिसऱ्या पावसात आपणहून नोंदी आणू लागली. त्यांना कोणी पटवलं नव्हतं. त्यांनी वही चाळली, आपल्या आठवणीतली एक तारीख पाहिली आणि त्यांतला एक म्हणाला, त्या दिवशी मी तिथे होतो, इतकंच पाणी होतं.

दादांचं मत बदललं, असं कोणी समजू नये. मतदान त्यांनी आयुष्यभर ज्या पक्षाला केलं त्यालाच करतात आणि त्यावरून आम्ही आजही भांडतो. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा महाडात घराघरात दोन चुली झाल्या. आमचे आमदार भरत गोगावले शिंदे गटाचे प्रतोद, त्यामुळे वाद आमच्या अंगणातलाच. ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानं ती प्रतोदपदाची मान्यता बेकायदा ठरवली, १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी गोगावलेंचीच नियुक्ती वैध धरली. टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या हातात एकेक निकाल. ओरडा असा व्हायचा की कॅन्टीनवाला ताटं वाजवायचा. दादांनी दोन्ही निकाल माझ्याकडून मराठीत समजून घेतले, सलग दोन जेवणाच्या सुट्ट्या, आणि मग जो पक्ष त्यांचा नव्हे त्याच्या बाजूचा एक मुद्दा बरोबर आहे असं भर टेबलावर सांगितलं. त्यांच्याच बाजूची माणसं त्यांच्याशी आठवडाभर नीट बोलली नाहीत.

मतदान यंत्राबद्दल मात्र त्यांची शंका गेलेली नाही. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत ते गावच्या बूथवर पोलिंग एजंट होते. सतरा-सी चा फॉर्म, म्हणजे किती मतं नोंदली त्याची सहीची प्रत, त्यांनी जपून ठेवली आणि निकालानंतर आकड्याला आकडा लावून पाहिला. जुळला. सकाळची मॉक पोलची मतंही त्यांनी स्वतः मोजली होती. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, तीही पाहिली. मी म्हटलं, दादा, आता आणखी काय? ते म्हणाले, "बेरीज जुळली हे मी बघितलं. आत कुणाचं मत कुणाला गेलं ते मी बघितलं नाही. मोजा ना सगळ्या चिठ्ठ्या, नाही कोण म्हणतो?" मतदारसंघामागे पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात आणि कोर्टानं ते पुरेसं मानलंय, हे मी सांगितलं. मला तो निर्णय पटतो, त्यांना पटत नाही. पण "घोळ झालाय" हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नाही, आणि त्यांच्यासमोर कोणी उच्चारलं तर प्रश्न ठरलेला.

नदीच्या नोंदींचं काय करायचं, यावर आमचं शेवटचं मोठं भांडण झालं. मी म्हणत होतो निवेदन देऊ. ते म्हणत होते, आपल्या कागदाला कोण विचारतं. वडिलांचं ते कार्ड त्यांच्या डोळ्यांपुढे असणार.

तेव्हा मी त्यांना चवदार तळ्याचा दावा सांगितला. २० मार्च १९२७ चा तळ्यावरचा सत्याग्रह महाडात पोराटोरांना माहीत आहे. २५ डिसेंबरचं मनुस्मृतिदहनही. पण त्या दोहोंच्या मागे कोर्टात दहा वर्षं चाललेली लढाई फार थोड्यांना ठाऊक असते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याच्या बोले ठरावानंतर सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या काळात महाड नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं केलं होतं, ते कागदावर. प्रत्यक्ष सत्याग्रह झाल्यावर विरोधक १२ डिसेंबर १९२७ ला कोर्टात गेले: हे चौधरी तळं आहे, खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची रूढी पूर्वापार आहे. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला हजारो माणसं तळ्यावर जायला सज्ज होऊन आली होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं आणि दावा लढवला. तळं कुणाच्या मालकीचं, रूढी किती जुनी, कुणी कधी पाहिली, याचे साक्षीपुरावे झाले. १९३१ ला महाडच्या कोर्टात निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं, मग ठाण्यात अपील, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं सांगितलं की पूर्वापार रूढी सिद्ध झालेली नाही.

दादा खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ज्यांच्याकडं सगळं होतं, त्यांना पुरावा देता आला नाही."

"हो."

"वही काढ."

आम्ही निवेदन लिहायला बसलो. भराव, मोऱ्या, गाळ, भरतीच्या वेळा. मी मसुदा केला आणि जोर यावा म्हणून २०२१ च्या पुराच्या दोन नोंदी बातम्यांतून घेऊन घातल्या. त्या खऱ्या आहेत असं मला आजही वाटतं. दादांनी चष्मा लावून एकेक ओळ वहीशी ताडून पाहिली, प्रत्येक नोंदीपुढे बारीक टिंब दिलं. त्या दोन ओळींपाशी पेन थांबलं.

"ह्या वेळेला तू कुठं होतास?"

"माळ्यावर. आईजवळ."

"मी वाडीवर. मग पट्टी कोणी बघितली?"

त्यांनी दोन्ही ओळी खोडल्या, खोडल्याजागी सही केली, मला करायला लावली. निवेदन एका पानाचं झालं. खाली आमच्या दोघांच्या सह्या आहेत आणि त्या दोन पोरांच्याही, त्यांनी आणलेल्या नोंदींपुढे त्यांची नावं वेगळी लिहून. पोच घेतलेली प्रत दादांकडे आहे. निवृत्त झाल्यापासून ते वाडीवरच असतात, आणि पावसाळ्यात रात्री नऊला त्यांचा फोन येतो. आधी आईची चौकशी करतात, मग पट्टीचा आकडा विचारतात, मग विचारतात की आज पुलावर कोण गेलं होतं.